‘गोदान’मधील ‘मरजाद’

प्रेमचंदांची ‘गोदान’ ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला प्रेमचंद वारले. ‘मंगलसूत्र’ अपुरी राहिली, त्यामुळे ‘गोदान’ ही त्यांची पूर्ण झालेली शेवटची कादंबरी. भारतीय शेतकऱ्याचे महाकाव्य म्हणून तिचा गौरव झाला आणि आजही होतो. विद्यापीठांतून ती नेमली जाते, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. या प्रबंधांतून होरीचे दारिद्र्य, सावकारी, जमीनदारी, शहर आणि खेडे यांचा विरोध हे सगळे विषय येऊन गेले आहेत. मला येथे यांपैकी कशाविषयीच लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते एका शब्दाविषयी. हा शब्द होरीच्या तोंडी सतत येतो. तो इतका साधा आहे की वाचणाऱ्याची नजर त्याच्यावरून घसरून जाते. तो शब्द म्हणजे ‘मरजाद’.

मूळ संस्कृत ‘मर्यादा’. अवधच्या शेतकऱ्याच्या जिभेवर तिचे ‘मरजाद’ झाले. पण केवळ उच्चार बदलला असे नाही. मराठीत आपण मर्यादा म्हणतो तेव्हा सीमा, हद्द, बंधन असा अर्थ घेतो. होरी मरजाद म्हणतो तेव्हा त्याला अब्रू, मान, घराण्याची पत असे काहीतरी म्हणायचे असते. म्हणून मराठी वाचक हा शब्द वाचताना थोडा अडखळतो, आणि हे अडखळणे मला उपयोगाचे वाटते. कारण दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत. होरी ज्याला मान समजतो ती प्रत्यक्षात त्याची हद्द आहे. कुंपणालाच तो दागिना समजतो. आपल्याकडे हा शब्द कुणाला ऐकवला जातो ते आठवून पाहावे. ‘मर्यादेत राहा’ हे बाईला सांगतात आणि दलिताला सांगतात. दलिताच्या बाबतीत तर आणखी स्पष्ट शब्द आहे, ‘पायरीने राहा’. पाटलाला कुणी पायरीने राहायला सांगितल्याचे ऐकिवात नाही. रामाला मर्यादापुरुषोत्तम म्हणतात. त्या मर्यादेत शंबूकाचे मस्तक कोठे बसते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आता कादंबरीकडे वळू. होरी हा बेलारी गावचा कुळवाडी. जमीन सेमरीच्या रायसाहेब अमरपालसिंहांची. होरीला ‘महतो’ म्हणतात आणि तेवढे त्याला पुरते. नोकरी करणारा माणूस आपल्यापेक्षा बरे खातो, बरे नेसतो हे त्याला दिसत नाही असे नाही. ते तो स्वतःच बोलून दाखवतो. आणि लगेच म्हणतो की शेतीत जी मरजाद आहे ती चाकरीत नाही. संपूर्ण कादंबरी या एका समजुतीवर उभी आहे. शेत पोट भरत नाही, पण शेत आहे म्हणून आपण मजूर नाही. ‘मरजाद’ या शब्दाच्या समोर कादंबरीत जो शब्द उभा आहे तो ‘दारिद्र्य’ नव्हे, तो शब्द आहे ‘मजूर’. उपास होरीला सोसवतो. मजूर होणे सोसवत नाही.

हा शब्द कादंबरीत जेथे जेथे येतो तेथे तेथे त्याच्या मागोमाग पैसा येतो. हे प्रेमचंदांनी मुद्दाम केले की आपोआप झाले, ते मला ठाऊक नाही. पण हिशेब मांडला तर तो चुकत नाही. दारात गाय असावी ही होरीची आयुष्यभराची इच्छा. तीही नुसत्या दुधासाठी नाही, दाराच्या शोभेसाठी. ती गाय तो भोला अहिराकडून ऐंशी रुपयांना उधार आणतो. भाऊ हिरा तिला विष घालून पळून जातो. दरोगा झडती घ्यायला येतो तेव्हा होरीला गायीचे दुःख बाजूला ठेवावेसे वाटते, कारण भावाच्या घराची झडती म्हणजे कुळाची नाचक्की. तो लाच द्यायला कर्ज काढायला निघतो. पुढे मुलगा गोबर भोलाच्या विधवा मुलीला, झुनियाला, दिवस गेल्यावर घरात आणून सोडतो आणि स्वतः लखनौला पळतो. होरी आणि धनिया तिला घराबाहेर काढत नाहीत. या माणुसकीबद्दल गावपंचायत शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य असा दंड करते. होरी तो दंड मान्य करतो. बिरादरीबाहेर पडणे त्याला मरणाहून वाईट वाटते. तो स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या डोक्यावरून, आपले धान्य झिंगुरीसिंहाच्या दारात नेऊन टाकतो आणि घर ऐंशी रुपयांना गहाण ठेवतो. भोला गायीच्या पैशांबदली बैल सोडून नेतो. बैल गेले म्हणजे शेत गेल्यासारखेच. मग दातादीन पंडिताच्या बियाण्यावर अर्धेलीने शेत, आणि अखेर त्याच दातादीनच्या शेतात मजुरी. ज्या एका गोष्टीला टाळण्यासाठी मरजाद सांभाळली, तेथेच मरजादेने त्याला आणून पोचवले.

येथवर प्रेमचंदांची दृष्टी अत्यंत स्वच्छ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. दंड ठोठावणारे पंच कोण आहेत? दातादीन हा ब्राह्मण सावकार. पटेश्वरी हा पटवारी. झिंगुरीसिंह हा शहरातल्या सावकाराचा हस्तक. नोखेराम हा जमीनदाराचा कारभारी. यांतल्या एकाचीही मरजाद त्याला एक पैसा खर्च करायला लावत नाही. उलट मिळवून देते. होरीची मरजाद हे त्यांचे उत्पन्नाचे साधन आहे. शब्द एकच. वरच्याला तो व्याज देतो, खालच्याकडून ते वसूल करतो. आपल्या साहित्यात ‘शोषण’ हा शब्द फार वापरून गुळगुळीत झाला आहे. शोषण म्हणजे नेमके काय, हे कुणाला शिकवायचे असेल तर झिंगुरीसिंहाच्या दारात धान्य ओतणारा होरी दाखवावा. त्याला कुणी फटके मारलेले नाहीत. त्याने स्वतः टोपली उचलली आहे.

धनिया ही या कादंबरीतील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा असे मी मानतो. दरोग्याला द्यायला आणलेले पैसे ती भर गावासमोर उधळून टाकते. दंडाच्या वेळी पंचांना ती चार शब्द सुनावते. ही बाई मरजादेचा फुगा फोडणार असे वाटू लागते. पण मोठ्या मुलीच्या, सोनाच्या, लग्नात काय होते ते पाहावे. सोना शहाणी मुलगी आहे. बापाने आपल्यासाठी कर्ज काढू नये म्हणून ती नवऱ्या मुलाकडे निरोप धाडते. मुलाचा बाप गौरी महतो हुंडा नको असे पत्राने कळवतो. संकट टळले! आणि येथे धनियाच अडून बसते. त्यांनी मोठेपणा दाखवला, पण आपल्यालाही आपली मरजाद आहे, असे तिचे म्हणणे. होरी चकित होतो. दोनशे रुपयांचे कर्ज होते. ज्या बाईने दुसऱ्यांच्या मरजादेचे पैसे धुळीत उधळले, ती स्वतःच्या मरजादेपुढे वाकते. हा प्रसंग वाचताना मला आपली कित्येक लग्नघरे आठवली. बुद्धवंदना होते, बावीस प्रतिज्ञांची चौकट भिंतीवर असते, आणि मांडवाचे, बँडचे, जेवणावळीचे कर्ज पुढची पाच वर्षे फिटत असते. कुणी मागितलेले नसते. समाजात मान राहिला पाहिजे, एवढेच.

धाकट्या मुलीच्या, रूपाच्या, वेळी हा शब्द तळ गाठतो. तीन वर्षांचा सारा थकला आहे, बेदखलीचा दावा झाला आहे, आणि वाडवडिलांची खूण म्हणून तीन बिघे जमीन तेवढी उरली आहे. दातादीन स्थळ आणतो, रामसेवक. तो होरीपेक्षा दोनचार वर्षांनीच लहान. होरी दोनशे रुपये घेतो आणि रूपा देतो. जमिनीची मरजाद वाचवण्यासाठी लेकीची मरजाद विकावी लागली. त्या रुपयांना हात लावताना होरीची मान वर होत नाही. यापुढे तो रस्त्याच्या कामावर खडी खणायला जातो आणि उन्हाच्या झळांनी मरतो.

मधल्यामध्ये रायसाहेबांची कथाही चालूच आहे. त्यांच्याकडे हा शब्द ‘प्रतिष्ठा’ या शहरी वेषात येतो. निवडणूक, दावे, मुलीचे लग्न, सगळे कर्जावर. पण त्यांच्या कर्जातून त्यांना सरकारात मोठे पद मिळते, राजा हा किताब मिळतो. होरीच्या कर्जातून होरीला खडी मिळते. गोबरबद्दलही एक वाक्य पुरे: तो शहरातून येतो तो मरजादेची टिंगल करीत, पण तोवर स्वतः व्याजाने पैसे लावायला शिकलेला असतो.

आता मला ज्या जागी थांबायचे आहे तेथे येतो. बेलारीत चमारवाडा आहे. हरखू चमाराची मुलगी सिलिया ही दातादीनच्या मुलाच्या, मातादीनच्या, शेतात राबते. तो तिच्याशी देहसंबंध ठेवतो. तिच्या हातचे पाणी पीत नाही. आपला स्वयंपाक तो स्वतः करतो. चूल शुद्ध राहिली की धर्माला धक्का नाही, हे त्यांचे घरचे शास्त्र आहे. प्रेमचंदांनी भाकरीलाच ढाल म्हटले आहे, आणि तो उपरोध बोचरा आहे. खळ्यावर सिलिया राबत असताना दुलारी सावकारीण आपले किरकोळ येणे मागायला येते, आणि सिलिया राशीतून शेरभर धान्य तिच्या पदरात घालते. मातादीन ते परत ओतायला लावतो. माझ्या धान्याला हात लावणारी तू कोण? तिला प्रथमच कळते की या राशीत तिचा घाम आहे, हक्क नाही. ती बायको नाही आणि धड मजूरही नाही. कारण मजुराला निदान मजुरी असते.

त्याच वेळी हरखू आणि चमारवाड्यातली माणसे येतात. मातादीनचे जानवे तोडतात आणि त्याच्या तोंडात हाडूक कोंबतात. भारतीय कादंबरीत १९३६ पर्यंत असा प्रसंग कुणी लिहिला असेल असे मला वाटत नाही. पण माझे लक्ष आहे ते हरखूच्या तोंडच्या शब्दाकडे. होरी जेथे मरजाद म्हणाला असता तेथे हरखू ‘इज्जत’ म्हणतो. आमची इज्जत घेता तर तुमचा धर्म आम्हांला द्या, असा त्याचा रोखठोक सौदा आहे. हा फरक किरकोळ नाही. मरजाद ही सांभाळायची असते. ती वाडवडिलांकडून येते, जमिनीबरोबर येते, जातीच्या उतरंडीतल्या पायरीबरोबर येते. हरखूकडे जमीन नाही, पायरी नाही, म्हणून मरजादही नाही. ज्याला ती कधी मिळालीच नाही तो ती गमावण्याच्या भयातून मोकळा असतो. गावभर होरी एकटा पंचांपुढे वाकतो, आणि ब्राह्मणाच्या खळ्यावर चढून जातात ते चमार, याचे कारण हे आहे. प्रेमचंदांनी ते पाहिले. पाहिले आणि लिहिले.

परंतु त्यांना त्या जागी थांबता आले नाही. हाडूक तोंडात गेल्यानंतर कादंबरी कुणाच्या मागे जाते? ती मातादीनच्या मागे जाते. त्याची शुद्धी होते, काशीचे पंडित कित्येक शे रुपये घेऊन, शेण-गोमूत्र पाजून त्याला पुन्हा ब्राह्मण करतात. हा भाग उपहासाने लिहिला आहे, हे खरे. पण हरखूचे पुढे काय झाले? ज्या चमारांनी ब्राह्मणाचे जानवे तोडले त्यांच्यावर गाव गप्प बसले असेल काय? कोणत्याही दलित वस्तीतल्या पोराला विचारा, तो सांगेल त्या रात्री काय होते. कादंबरीला ते विचारावेसे वाटत नाही. आणि सिलिया? ती आईबापांचा मार खाते, पण त्यांच्याबरोबर जात नाही. ज्याने एकदा हात धरला त्याचीच राहीन, असे तिचे ब्रीद. म्हणजे प्रेमचंदांनी होरीची मरजाद सिलियाच्या अंगावर घातली. पतिव्रतेची मर्यादा, आणि पती नसताना! धनियाच्या घराच्या आसऱ्याने ती राहते, मजुरी करते, मूल वाढवते आणि वाट पाहते. हरखूने जो सौदा मोडला तो सिलियाकडून पुन्हा मान्य करून घेतला जातो. (सोनाचा तो निरोप घेऊन जाणारी सिलियाच होती, हेही येथे आठवावे. दुसऱ्याच्या घरची मरजाद उतरवायला ती धावते, आणि स्वतः मात्र तिच्याखाली राहते.)

शेवटी मूल मरते, आणि मातादीन जानवे टाकून सिलियाच्या झोपडीत राहायला येतो. या प्रसंगाचे समीक्षकांनी फार कौतुक केले आहे. आता तो काय बोलतो ते नीट ऐकले पाहिजे. आपल्याला ब्राह्मण राहायचे नाही, चमारच राहायचे आहे असे तो म्हणतो. येथपर्यंत ठीक. पण पुढे तो व्याख्या करतो: आपला धर्म पाळतो तो ब्राह्मण आणि धर्माकडे पाठ फिरवतो तो चमार. म्हणजे जात जन्माची नाही, आचरणाची आहे, एवढीच सुधारणा. ‘ब्राह्मण’ हा शब्द चांगल्या माणसासाठी राखून ठेवलेला, आणि ‘चमार’ हा धर्मभ्रष्टासाठी. जो चमार म्हणून जन्मला, राबला, ज्याने कातडी सोलली आणि खळ्यावर चढून न्याय मागितला, त्या हरखूचे नाव या व्याख्येत शिवीच राहिले. ही गुणकर्माची चातुर्वर्ण्यव्यवस्था आहे. नेमक्या याच युक्तिवादाला बाबासाहेबांनी त्याच १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये उत्तर दिले होते: माणसांना गुणानुसार विभागायचे असेल तर त्यांना ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही जुनी नावे कशाला चिकटवायची? ती नावे राहिली की त्यांच्यामागची उतरंडही राहते. मातादीन जानवे टाकतो, शब्दकोश टाकत नाही. आणि ही केवळ पात्राची मर्यादा म्हणून लेखकाला सोडून देता येत नाही, कारण कादंबरी या वाक्याला कोठेही हसत नाही. काशीच्या पंडितांना मात्र ती हसली होती.

प्रेमचंदांच्या शब्दांवरून पुढे मोठे वादळ झाले. २००४ साली दिल्लीत ‘रंगभूमी’च्या प्रती जाळण्यात आल्या, कारण तिच्यातील सूरदासाचा उल्लेख त्याच्या जातीच्या नावाने येतो. त्यावर हिंदीतले प्रस्थापित लेखक संतापले आणि दलित लेखकांतही दोन तट पडले. माझे मत स्पष्ट आहे. पुस्तक जाळून शब्द जळत नाही. त्या शब्दाचा एकेक वापर उचलून त्याचा हिशेब मागावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही, पण ते आपल्या विद्यार्थ्यांनी केले पाहिजे. प्रेमचंद जातिवादी होते की नव्हते असा एका शब्दात निकाल मागणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच की हरखूचे ‘इज्जत’ आणि मातादीनचे ‘चमार’ हे दोन्ही एकाच लेखणीतून उतरले आहेत. आपल्याला दोन्ही वाचायचे आहेत.

होरीकडे पाहून हळहळणाऱ्या मराठी वाचकाने, विशेषतः आपल्या वाचकाने, एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडेही मरजाद होती. तिचे नाव होते वतन. महारकीचे वतन म्हणजे तुकडाभर इनाम जमीन, बलुत्याच्या चार पेंढ्या, आणि त्याच्या बदल्यात अख्ख्या घराण्याने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची वेठ. घरातला बाप कामावर नसेल तर मुलाने जायचे, मुलगा नसेल तर बाईने. तरीही आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना वतनाचा अभिमान होता. आम्ही वतनदार, आमचा गावात हक्क आहे, होळीला मान आहे, बावन्न हक्कांची सनद आहे! होरी तीन बिघ्यांना धरून बसला तसे आपले आजे-पणजे त्या तुकड्याला धरून बसले होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते या मानावर घाव घालण्यासाठी. सरकार आडवे आले, गाव आडवे आले. पण आपल्यातल्याही अनेकांच्या हातून तो तुकडा सुटत नव्हता, हे सांगायला लाजण्याचे कारण नाही. ही वतने कायद्याने गेली ती १९५८च्या कायद्यानंतर. बाबासाहेब तोवर हयात नव्हते.

होरीला असा कुणी भेटला नाही. अवधमध्ये १९२० च्या सुमारास बाबा रामचंद्रांच्या नेतृत्वाखाली कुळांची मोठी चळवळ झाली होती, बेदखलीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर आले होते. ‘गोदान’च्या बेलारीत तिचा मागमूस नाही. होरीला मरजादेखेरीज दुसरा शब्दच कुणी दिला नाही. हरखूला मात्र तो कुणी न देता सापडला होता.

शेवटचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. होरी मरत आहे. गोदान करा, असे लोक सुचवतात. सुतळी विकून आलेले वीस आणे धनियापाशी आहेत. ती ते होरीच्या थंड हातात ठेवते आणि समोर उभ्या दातादीनला सांगते की घरात ना गाय आहे, ना वासरू, ना पैसा. हेच यांचे गोदान. आणि कोसळते. या क्षणी ती ‘मरजाद’ हा शब्द उच्चारत नाही. वीस आणे घेणारा दातादीन तोच आहे, ज्याने दंड ठोठावला, अर्धेलीने शेत केले, मजुरीला राबवले आणि रूपासाठी रामसेवक आणला. त्याचा मुलगा त्या वेळी गावातच, सिलियाच्या झोपडीत राहत आहे.